सातारा ते कन्याकुमारी दुचाकीवर: गाडीची तयारी आणि सामानाची बांधणी

घाटमाथा_सातारा:

नमस्कार मंडळी. डिसेंबरअखेर सातारा–कन्याकुमारी–सातारा असा बेत पक्का झालाय. तीन गाड्या, चार माणसं. त्यातल्या दोघांचा हा पहिलाच लांबचा प्रवास आणि ग्रुपवर सध्या एकच विषय चाललाय, विकत काय काय घ्यायचं. हेल्मेटवरचा कॅमेरा, लोखंडी पेट्या, जादा दिवे, फोल्डिंग खुर्ची. यादी रोज वाढतेय. माझं मत नेमकं उलटं आहे. सामान जेवढं कमी तेवढं बरं, आणि जे आहे ते गाडीवर कसं बसतंय हे बघायला सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा. पोरांना या धाग्याची लिंक देणार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जाणकारांनी भर घालावी.

आधी निघायच्या दिवसांबद्दल. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ असा आग्रह होता, मी नको म्हटलं. आपल्याकडे ऑक्टोबरात पाऊस परतला की रेनकोट माळ्यावर जातो. तमिळनाडूचा मुख्य पाऊस मात्र तेव्हाच सुरू होतो, ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. इथलं कोरडं ऊन बघून निघालेला माणूस मदुराईच्या पुढे दिवसभर भिजत बसतो. डिसेंबर संपताना त्याचा जोर बराच कमी झालेला असतो. रेनकोट तरीही घ्यायचाच.

आणि याच दिवसांत ऊसतोड ऐन भरात असते. कराडपासून पार बेळगावपर्यंत कारखान्यांचाच पट्टा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे बहुतेक वेळा दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. त्यात सातारा–कागल सहापदरीकरणामुळे रस्ता जागोजागी वळवलेला. म्हणून अंधारात गाडी चालवायची नाही, हा आमचा एकमेव कडक नियम. दिसायला लागलं की निघायचं, दिवस मावळायच्या आत लॉजवर.

रस्ता सरळ आहे. ४८ नंबरच्या महामार्गाने कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर, बंगळूर. तिथून ४४ नंबरने होसूर, कृष्णगिरी, सेलम, करूर, दिंडीगल, मदुराई, तिरुनेलवेली आणि कन्याकुमारी. एका बाजूने साधारण १४०० किलोमीटर. पहिला मुक्काम दावणगेरे, दुसरा होसूर, तिसरा मदुराई, चौथ्या दिवशी दुपारपर्यंत कन्याकुमारी. होसूर एवढ्यासाठीच की बंगळूरची गर्दी भर दुपारी मागे पडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ता मोकळा मिळतो. धर्मपुरी आणि सेलमच्या मधला तोप्पूर घाट जपून उतरायचा. उतार लांब आहे, भरलेले ट्रक ब्रेक तापवत उतरत असतात. त्यांच्या पुढे राहायचं नाही आणि मागे चिकटायचंही नाही.

आता गाडी. सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नये, आठ-दहा दिवस आधी करावं. गॅरेजमध्ये नट ढिला राहतो, ऑईलची सील गळते, ब्रेक जरा जास्तच टाईट होतो. हे सगळं पुढच्या दोन-तीनशे किलोमीटरात आपल्याच गावात कळलं पाहिजे. ऑईल, एअर फिल्टर, प्लग, ब्रेक पॅड किंवा लायनर, चेन-स्प्रॉकेट, बॅटरी. वॉटरकूल्ड असेल तर कूलंटही. चेन आणि स्प्रॉकेटमधलं एक जरी झिजलं असलं तरी अख्खा सेट बदलावा. नवी चेन जुन्या दातांवर लवकर खराब होते.

आता सामान, जे मला खरं सांगायचंय.

वजनाचे तीन नियम आहेत. जड वस्तू खाली, जड वस्तू गाडीच्या मध्याकडे आणि दोन्ही बाजू सारख्या. हत्यारं, पाण्याची बाटली, चार्जर वगैरे जड वस्तू टँक बॅगेत (टाकीवर बसते ती) किंवा सॅडल बॅगांच्या (सीटच्या दोन बाजूंना लोंबतात त्या) तळाशी, पुढच्या अंगाला. मागच्या कॅरिअरवर फक्त हलकं आणि मोठं, म्हणजे कपडे आणि पांघरूण. कॅरिअरवर, तेही मागच्या चाकाच्या पलीकडे जड बॅग बांधली की पुढचं चाक हलकं पडतं. गाव फिरताना ते जाणवत नाही. ऐंशीच्या पुढे, शेजारून ट्रक गेला की हँडल थरथरायला लागतं. बॅगा घरच्या वजनकाट्यावर ठेवून बघा, दोन बाजूंत किलोभराचा फरक असेल तर वस्तू हलवा.

बांधायला हुकवाले बंजी, म्हणजे ताणायचे रबरी दोर, वापरू नका. ताणलेला हुक सुटला की सरळ डोळ्यावर येतो, शिवाय दिवसभराच्या हादऱ्यांनी रबर सैल पडतं. बकलचे पट्टे घ्या. पट्टा ओढून झाल्यावर जे टोक उरतं ते गुंडाळून त्याच पट्ट्याखाली खोचा आणि वर केबल टाय मारा. लोंबतं टोक वाऱ्याने मागे जातं, चेनमध्ये किंवा चाकात अडकतं आणि चाक जागच्या जागी जाम होतं. सॅडल बॅग सायलेन्सरला टेकत नाही ना, हे गाडी उभी असताना बघून उपयोग नाही. मागे माणूस बसवून बघा, कारण सस्पेन्शन दबलं की बॅग खाली येते. इंडिकेटर आणि नंबरप्लेट झाकली जाऊ नये.

पावसासाठी बॅगेवरच्या कव्हरवर विसंबू नका. वाऱ्याने ते फुगतं आणि खालून पाणी घेतं. कपडे आतच जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढा आणि तोंड पिळून गाठ मारा. रेनकोट मात्र सगळ्यात वर, एका पट्ट्याखाली. पावसात बॅग उघडून तो शोधायची वेळ येता कामा नये.

कपड्यांचं म्हणाल तर चालवायचा एक जोड, मुक्कामाचा एक जोड, आतले तीन. रोज संध्याकाळी धुवायचे. बाकी सगळं वाटेत मिळतं, आपण शहरांतूनच जातोय.

कागदपत्रं: लायसन, आरसी, विमा, पीयूसी. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत चालते, तरी झेरॉक्सचा एक संच टँक बॅगेत ठेवा, कारण मोबाईलची बॅटरी संपते. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं, मागच्यालाही. दुचाकीला महामार्गावर टोल नाही, पण टोलनाक्याची कडेची अरुंद गल्ली बॅगांसकट पार करायची असते, तिथे वेग कमी.

मिरज_गॅरेज:

भाऊ, झकास लिवलंय. सर्व्हिसिंग आठ दिवस आधी, हे तर मी गिऱ्हाइकाला ओरडून सांगतो, पण लोक येणार निघायच्या आदल्या संध्याकाळीच.

माझ्याकडनं दोन गोष्टी. क्लचची नवी केबल बॅगेत ठेवू नका, गाडीवरच ठेवा. चालू केबलच्या शेजारनं नवी ओवून घ्यायची, दोन्ही टोकांना ऑईल लावून प्लास्टिक गुंडाळायचं, वर चिकटपट्टी मारायची आणि जागोजाग केबल टायनं जुनीला बांधायची. तुटली की रस्त्यावर टाकी खोलायला नको. वरचं टोक काढलं, खालचं काढलं, नवी अडकवली, पाच मिनिटांत गाडी चालू. अ‍ॅक्सिलेटरच्या केबलचंबी तसंच करता येतं.

दुसरं चेन लॉक, म्हंजी चेनची दोन टोकं जोडणारी कडी. एक जादा लॉक खिशात ठेवा, रुपये किती लागतात त्याला? पण बसवताना बघून बसवा. क्लिपचं बंद तोंड चेन ज्या बाजूला पळते त्या बाजूला पायजे. उलटं बसवलं आन् कुठं घासलं तर क्लिप उडून जातीय. जोड नसलेली रिव्हेटची चेन असंल तर हे लागू नाही.

हत्यारं गाडीच्या नटांप्रमाणं घ्या. घरी बसून एकदा मागचं चाक स्वतः काढा आन् बसवा. जेवढे पाने लागले तेवढेच घ्यायचे. अख्खं किट नेऊन कुणाचं भलं झालंय?

फलटणचा_पक्या:

दादा, माझी १२५ सीसी, कार्बोरेटरवाली, २०१५ ची. ग्रुपमध्ये बाकीचे ३५० वाले आहेत. ते म्हणतात तू मागे पडशील, ट्रेनने ये. जावं का?

घाटमाथा_सातारा:

पक्या, बिनधास्त जा. फक्त वेग गाडीचा धर, ग्रुपचा नाही. १२५ ला साठ-पासष्टवर दिवसभर चालू दे, दर तासा-दीड तासाने दहा मिनिटं थांब. रोज सकाळी इंजिन थंड असताना ऑईलची पातळी बघ. एअरकूल्ड इंजिन दिवसभर तापलं की थोडं ऑईल खातं आणि छोट्या इंजिनात मुळात लिटरभरच असतं. अर्धा लिटरची बाटली बरोबर ठेव. डबल सीट मात्र नेऊ नको, सामान आणि दोन माणसं हे त्या गाडीला जास्त होतं. आणि मुक्काम ठरलेला असला की मागेपुढे होण्याने काही बिघडत नाही. ग्रुपने सगळ्यात हळू गाडी पुढे ठेवायची, हे मी आमच्यातही ठरवलंय.

तुझ्या गाडीला रिझर्व्हचा नॉब आहे. बाकीच्यांच्या इंजेक्शनच्या गाड्यांना नाही, त्यांनी टाकी तळाला जाऊ देऊ नये, आतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. अर्धी टाकी झाली की भरायची.

वाई_पसरणी:

बाटलीत दोन लिटर पेट्रोल बरोबर ठेवायला काय हरकत आहे? आणि पाठीवरची सॅक मला सोयीची वाटते, सगळं हाताशी राहतं.

घाटमाथा_सातारा:

पेट्रोल नको म्हणजे नकोच. पाण्याच्या बाटलीत वाफ कोंडते, झाकण गळतं आणि बाजूला तापलेला सायलेन्सर. या मार्गावर पंप भरपूर आहेत.

सॅकबद्दल: पहिले दोन तास काही वाटत नाही. नंतर तिचं वजन खांद्यांवरून मानेत उतरतं आणि हेल्मेटचं वजन तिथे आधीच असतं. पडलात तर सॅकमधलं कुलूप, चार्जर, पाना थेट पाठीच्या कण्यावर येतो. पाठीवर काहीच नको. पैसे आणि मोबाईल अंगावर, बाकी गाडीवर.

कृष्णाकाठची:

दादा, मी सांगलीहून, स्वतः चालवते. गेल्या वर्षी विजापूरमार्गे हंपीला जाऊन आलो. तुमच्या लेखात कपडे दोन ओळींत संपवलेत, त्यात थोडी भर घालते.

आत सुती बनियन आणि जीन्स घालू नका. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि जीन्सच्या मांडीकडच्या जाड शिवणीने तिसऱ्या दिवशी बसवत नाही. सायकलवाले वापरतात तशी गादीची शॉर्ट आत घालून बघा, खूप फरक पडतो. हातमोजे दोन जोड, कारण ओला मोजा रात्रीत वाळत नाही. पहाटे दावणगेरे-चित्रदुर्गच्या माळावर डिसेंबरात चांगलीच थंडी असते, म्हणून जाकिटाच्या आत वारा अडवणारं काहीतरी हवं. घरात काही नसेल तर वर्तमानपत्र छातीवर घालून वर चेन लावा, काम होतं.

मागे बसणाऱ्या बायकांसाठी: ओढणी आणि साडीचा पदर अजिबात नको. जिथे साडी गार्ड काढून सॅडल बॅगेचा स्टँड लावलाय तिथे तर चाक उघडंच पडतं. स्वच्छतागृहासाठी मोठ्या पंपांवरच थांबा, आणि पाणी कमी पिऊन वेळ मारून नेऊ नका. वाऱ्यात घाम लगेच वाळतो, त्यामुळे शरीरातलं पाणी कमी झाल्याचं कळत नाही. डोकं दुखायला लागलं तर समजा उशीर झालाय. ओआरएसची पाकिटं घ्या. पाळीचं सामान भरपूर घ्या आणि ते पावसापासून झाकलेल्या पिशवीतच ठेवा.

खायला आपलं भडंग घेऊन जा. हलकं, खराब होत नाही आणि दुपारी हॉटेलात भात-सांबार पोटभर खाण्यापेक्षा बरं. त्या भातानंतर दोन ते चारच्या उन्हात डोळा लागतो. सकाळी भरपेट, दुपारी हलकं, जेवण मुक्कामावर. दावणगेऱ्यात मात्र लोण्याचा डोसा खाल्ल्याशिवाय हलू नका.

कार्यशाळा_निवृत्त:

तरुण मंडळींनो, मी सांगलीचा. उभं आयुष्य एसटीच्या कार्यशाळेत गेलं. टायरवर कुणी काही लिहिलं नाही म्हणून लिहितो.

टायरच्या बाजूला चार आकडे एका चौकटीत असतात. ३२२२ असेल तर २०२२ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी दिसायला चांगली असली तरी पाच-सहा वर्षांचा टायर लांबच्या प्रवासाला नेऊ नये, रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकडत नाही. नक्षीच्या खाचांत टीडब्ल्यूआयच्या, म्हणजे झीज दाखवणाऱ्या, छोट्या पट्ट्या असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला.

हवा सकाळी, गाडी थंड असताना भरा. किती ते गाडीच्या पुस्तकात किंवा चेन कव्हरजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. एकट्यासाठी वेगळी आणि दोघांसाठी वेगळी असते, सामान असेल तर दोघांची धरा. दुपारी तापलेल्या टायरची हवा जास्त दिसते म्हणून काढू नका. थंड झाल्यावर ती कमी पडेल.

ट्यूबलेस असेल तर पंक्चरचं किट आणि छोटा पंप. स्पोकच्या चाकाला ट्यूब असते, तिथे जादा ट्यूब न्या, पुढची एक मागची एक. रस्त्यावरचा पंक्चरवाला सगळीकडे भेटतो, पण त्याच्याकडे तुमच्या मापाची ट्यूब असेलच असं नाही. मागचे शॉकअब्सॉर्बर सामानाच्या हिशेबाने एक-दोन खाचा कडक करा.

कराड_उंब्रज:

नमस्कार. माझा मुलगा यातल्याच एका गाडीवर येतोय. गाडी माझ्या नावावर आहे. विम्याचं काही बघायला हवं का? घरात सगळ्यांनाच काळजी लागून राहिलीय.

घाटमाथा_सातारा:

काका, हे विचारलंत ते फार बरं झालं. पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो. तो गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्यापुरता. मुलगा चालवत असेल तर त्याला त्याचा फायदा मिळत नाही. त्याच्या नावाने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी काढा. आपल्याकडे निम्म्या पोरांच्या गाड्या वडिलांच्या नावावर असतात, तेव्हा सगळ्यांनीच हे बघा. आणि विमा नुसता थर्ड पार्टी आहे की गाडीचं नुकसानही धरलंय, तेही पॉलिसी उघडून वाचा.

काळजीचं म्हणाल, तर रोज मुक्कामाला पोहोचल्यावर प्रत्येकाने घरी फोन करायचा, असं ठरवलंय. चौघांच्याही पाकिटात एक कागद असेल: नाव, रक्तगट, कशाची अ‍ॅलर्जी आणि घरचे दोन नंबर. मोबाईल लॉक असतो किंवा फुटतो, कागद कुणीही वाचू शकतो. ११२ कुठल्याही राज्यात चालतो, महामार्गासाठी १०३३ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. पोरांना हेही सांगितलंय की वाटेत दुसऱ्या कुणाचा अपघात दिसला तर थांबायचं. मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे, त्याला पोलीस अडकवून ठेवू शकत नाहीत. बेशुद्ध माणसाचं हेल्मेट मात्र उगाच ओढून काढायचं नाही, मानेला इजा असू शकते. श्वास अडकला असेल तरच दोघांनी मिळून, मान धरून.

माणदेशी:

कन्याकुमारीत राहायला विवेकानंद केंद्राचा परिसर आहे, विवेकानंदपुरम. शांत जागा, गाड्या आत लावता येतात. वर्षअखेरीस गर्दी असते, आधी बुकिंग करा. शिलास्मारक ज्यांनी जिद्दीने उभं केलं ते एकनाथ रानडे आपले विदर्भातले. १९७० साली ते पूर्ण झालं. समुद्रातल्या त्या खडकावर उभं राहिल्यावर याचा अभिमान वाटतो.

आणि एक दिवस जास्त काढता आला तर परतीला त्रिचीवरून तंजावर करा. बृहदीश्वराच्या देवळात तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांनी १८०३ साली कोरून घेतलेला भोसल्यांचा इतिहास आहे, मराठीत. साताऱ्याच्या माणसाने तो बघायलाच हवा.

घाटमाथा_सातारा:

तंजावर घेतलं. परतीत एक दिवस मोकळा ठेवलाच होता, तो तिकडे देतो.

परतताना उटीमार्गे येऊ असं एकजण म्हणतोय. तसं आलो तर बांदीपूरचं जंगल रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतं आणि उटीला शिरायला ई-पास काढावा लागतो. म्हैसूर–बंगळूर द्रुतगती मार्गाच्या मुख्य रस्त्यावर २०२३ पासून दुचाकीला बंदी आहे, बाजूच्या सेवा रस्त्यानेच यावं लागतं. तंजावर आणि उटी दोन्ही जमणार नाही. मी तंजावरच्या बाजूने आहे.

या रविवारी चाचणी. सगळं सामान बांधून, अगदी टूथब्रशसकट, सकाळी पोवई नाक्यावरून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासला जायचं आणि परत. फुलांचा हंगाम संपलाय, रस्ता मोकळा असेल. निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून प्रत्येक पट्टा हाताने ओढून बघायचा, पहिल्यांदा सगळेच थोडे सैल पडतात. उतारावर दोन-तीनदा जोरात ब्रेक लावून बॅग पुढे सरकतेय का ते बघायचं. संध्याकाळी भिंतीसमोर गाडी उभी करून हेडलाईटचा झोत तपासायचा. मागे वजन आलं की तो वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यात मारतो. घरी आल्यावर जी वस्तू दिवसभरात कुणाला आठवलीही नाही ती यादीतून काढायची. खुर्ची तिथेच जाईल असा माझा अंदाज आहे.

मिरज_गॅरेज:

भाऊ, चेन नवी टाकली असंल तर कासवरनं आल्यावर ढिली पडलेली दिसंल. पहिल्या दोन-चारशे किलोमीटरला ती ओढली जातीच, घाबरू नका. निघायच्या आदल्या दिवशी परत एकदा टाईट करून घ्या, पण सामान बांधून आन् माणूस बसवून ताण बघा. रिकाम्या गाडीवर बरोबर केलेली चेन वजन पडल्यावर लई ताणती. आन् चेनला ऑईल संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर मारायचं, चेन गरम असताना. रातभर आत मुरतंय, सकाळी मारलं तर सगळं टायरवर उडतंय.